घरी कोण कोण असतं?



नवी शाळा असो, नवं ऑफिस असो, हळदीकुंकू असो, नाही तर एस.टी.त शेजारी बसलेली अनोळखी बाई असो, पहिला प्रश्न ठरलेला. "घरी कोण कोण असतं?" आपणही पदर सावरत सांगून टाकतो, "हे, दोन मुलं, सासूबाई." विचार म्हणून करावा लागत नाही. पण याच प्रश्नानं एखादीच्या पोटात गोळा येत असेल, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ते आणून दिलं एका रहस्यकथेनं. आज तिच्याविषयी आणि तिच्या भावंडांविषयी लिहायचं आहे.

झालं असं, की गेल्या मे महिन्यात माझी एक मावसबहीण आमच्याकडे चार दिवस राहायला आली. (तिला विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) वय अठ्ठावीस, मोठ्या शहरात बँकेत चांगली नोकरी, स्वभाव लाघवी. पण लग्नाचं नाव काढलं की गप्प. मावशी बिचारी स्थळं बघून थकली. तिनं मला फोनवर बजावलं होतं, "तू शिकवतेस, तुझं ऐकेल ती. विचार एकदा, मनात आहे तरी काय!" मी विचारलं. ती नुसती हसली, भाजी निवडत बसली. जाताना मात्र एक इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवून म्हणाली, "ताई, तुमच्या शाळेतलीच गोष्ट आहे. वाच."

पुस्तकाचं नाव 'लेसन्स इन मर्डर'. लेखिका क्लेअर मॅकनॅब. छापलेलं 1988 सालचं. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. घरी येऊन जेवणं, ओटा, भांडी झाली की अडीच ते चार ही वेळ माझी. त्या वेळात मी ते वाचायला घेतलं. डिक्शनरी जवळ होती, पण फारशी लागली नाही.

गोष्ट खरंच शाळेतली निघाली. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरातलं एक हायस्कूल. तिथल्या एका मास्तराचा खून होतो, तोही विजेच्या ड्रिलनं! शिक्षकांची खोली, तिथली कुजबुज, वरिष्ठांची धास्ती, कोण कोणाच्या गटातलं; सगळं इतकं आपल्यासारखं की मला हसू येत होतं. पुढे कळलं, लेखिका स्वतः सिडनीच्या हायस्कुलात शिकवत असे. तपासाला येते इन्स्पेक्टर कॅरोल ॲश्टन. देखणी, थंड डोक्याची. संशय ज्यांच्यावर जातो त्यात एक शिक्षिका आहे, सिबिल क्वेड. आता आपल्याला वाटतं, एखादा डॉक्टर नाही तर वकील येईल आणि प्रेमकथा सुरू होईल. प्रेमकथा सुरू होते, पण ती इन्स्पेक्टरबाई आणि ही शिक्षिका यांच्यातच.

खरं सांगू? त्या पानावर मी पुस्तक मिटलं. उठून चहा टाकला. कोणी नसताना उगाच दाराकडे पाहिलं. मग चहा घेऊन पुन्हा वाचायला बसले, कारण खून कोणी केला ते कळायचं होतं! आणि वाचता वाचता हळूहळू उमगलं, की मी मावशीच्या वतीनं जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर माझ्या मांडीवर उघडं पडलं आहे.

त्यानंतर मी आणखी पुस्तकं मिळवून वाचली. तेव्हा कळलं की ही एकटी कादंबरी नाही, चांगलं मोठं कपाटभर कुटुंब आहे. त्यातली थोरली बहीण म्हणजे केट डेलाफील्ड. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या पोलिसांत खुनांचा तपास करणारी अधिकारी. कॅथरिन फॉरेस्ट या लेखिकेनं तिला 1984 साली 'ॲमॅच्युअर सिटी' या कादंबरीत आणलं. समलिंगी स्त्री पोलीस अधिकारी नायिका म्हणून अमेरिकन कादंबरीत हीच पहिली मानली जाते. केट पूर्वी मरीन दलात होती, व्हिएतनामला जाऊन आलेली. तिची बारा वर्षांची सोबतीण, ॲन, मोटार अपघातात गेलेली आहे. दुःख ताजं आहे, आणि ऑफिसात ते कोणाला सांगायची सोय नाही.

हे वाचताना मी थांबले. आपल्यापैकी कोणाचा नवरा गेला तर लोक येतात, डबे पोचवतात, चार दिवस रजा मिळते. रडायला तरी परवानगी असते. केटला सुतकही नाही. ती दुसऱ्या दिवशी गणवेशातल्या माणसांत उभी राहून दुसऱ्याच्या प्रेताचा पंचनामा करते. लेखिका हे रडून सांगत नाही. कामाच्या ओघात सांगते, म्हणून जास्त लागतं.

तुम्ही म्हणाल, नायिका पोलीसच कशाला? खाजगी गुप्तहेर चालली नसती का? चालली असती, आणि तशाही आहेत. पण गुप्तहेराला ना साहेब ना पेन्शन. पोलीसबाईला वरिष्ठ आहेत, दिवसभर गाडीत शेजारी बसणारा जोडीदार हवालदार आहे, फॉर्म आहेत, बढती आहे. आणि त्या शेजारच्या माणसाला गप्पांच्या ओघात विचारायचंच असतं, "घरी कोण कोण असतं?" आता गंमत पाहा. हिचं कामच मुळी दुसऱ्यांची गुपितं काढण्याचं. काल रात्री कुठे होतात, कोणाबरोबर होतात, दार कोणी उघडलं, हे ती जगाला विचारणार. आणि तेच कोणी तिला विचारलं तर तिची जीभ अडखळणार. खुनाचं रहस्य शेवटच्या पानावर सुटतं. हिचं स्वतःचं रहस्य पुस्तकामागून पुस्तक तसंच पुढे चालतं. मला तरी खुन्यापेक्षा त्याचीच जास्त हुरहूर लागली.

त्यात त्या नोकरीत बाई असणं हेच मुळात अवघड. लॉस एंजेलिसच्या पोलिसांत ॲलिस स्टेबिन्स वेल्स ही बाई 1910 मध्येच दाखल झाली होती. पण पुढची साठ वर्षं स्त्रियांना सार्जंटच्या वरची पायरी बंद होती. 1973 साली फॅन्चन ब्लेक या सार्जंटबाईंनी दावा लावला, तेव्हा 1980 मध्ये तडजोड होऊन दारं उघडली. केट डेलाफील्ड अवतरली त्यानंतर चारच वर्षांनी. म्हणजे आधी बाई म्हणून सिद्ध व्हायचं, आणि वर हे ओझं. आपल्यातल्या नोकरी करणाऱ्यांना यातला अर्धा भाग तरी समजावून सांगावा लागणार नाही.

या पुस्तकांचं मोल कळायला त्यांच्या आधीचं थोडं बघायला हवं. 1952 साली अमेरिकेत 'स्प्रिंग फायर' नावाची स्वस्त कादंबरी आली, दोन कॉलेजकन्यांच्या प्रेमाची. लेखिका मॅरिजेन मीकर, टोपणनाव व्हिन पॅकर. प्रकाशकानं तिला आधीच बजावलं होतं, शेवट गोड करायचा नाही. कारण पुस्तकं टपालानं जायची, आणि अशा प्रेमाचं कौतुक आहे असं वाटलं तर टपालखातं ती अडवायचं. म्हणून त्यातल्या एकीला वेड लागतं, तेव्हा कुठे गोष्ट संपते. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथनं 'द प्राइस ऑफ सॉल्ट' लिहून शेवटी दोघींना एकत्र येऊ दिलं. पण तिनंही स्वतःचं नाव लावलं नाही, क्लेअर मॉर्गन या नावानं छापलं.

आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक 1981 साली रंगभूमीवर आलं. मराठी प्रेक्षकांपुढे हा विषय इतक्या उघडपणे मांडायला केवढं धाडस लागलं असेल! पण त्यातली मित्राही शेवटी जीव देते. म्हणजे इकडे काय, तिकडे काय, गोष्टीत अशी बाई आली की ती वेडी तरी होणार, मरणार तरी, नाही तर मुकाट्यानं बोहल्यावर उभी राहणार.

केट आणि कॅरोल यांनी नेमकं हेच उलटवलं. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं होती. झुंजार आणि काळापहाड आम्ही भावंडांनी पळवून पळवून वाचले. रहस्यकथेचा एक नियम तेव्हापासून पाठ आहे: मरणारा पहिल्या प्रकरणात मरतो, पण शोधणारा शेवटपर्यंत जगतो, कारण पुढच्या महिन्यात त्याचं नवं पुस्तक यायचं असतं. ही बाई गोष्टीत प्रेत म्हणून आली तर संपली. शोध घेणारी म्हणून आली तर तिला मारायची सोय नाही! ती प्रेताशेजारी उभी राहते, वही काढते, प्रश्न विचारते आणि संध्याकाळी घरी जाते. घरी कोणीतरी वाट बघत असतं. कॅरोल ॲश्टनची अशी सतरा पुस्तकं निघाली, शेवटचं 2017 साली. केटचं शेवटचं 2022 मध्ये. म्हणजे अडतीस वर्षं ती वाचकांबरोबर म्हातारी होत गेली. या दोघींच्या सुरुवातीच्या गोष्टी छापल्या नायड प्रेस नावाच्या छोट्या संस्थेनं, जी 1973 मध्ये काही स्त्रियांनीच सुरू केली होती.

सगळंच गोड मात्र नाही. 'मर्डर ॲट द नाइटवुड बार' (1987) मध्ये एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा खून होतो, समलिंगी बायका जमतात त्या मद्यगृहाच्या आवारात. आईबापांनी झिडकारलेली पोर. केट तपासाला जाते तर तिथल्या बायका तिच्याकडे पोलीस म्हणून संशयानं बघतात. आणि तिला सांगताही येत नाही, की अगं, मी तुमच्यातलीच आहे. 'मर्डर बाय ट्रॅडिशन' (1991) मध्ये मेलेला एक समलिंगी तरुण आहे, आणि खुनी कोर्टात म्हणतो की त्यानं अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला म्हणून मी स्वतःला वाचवलं. न्याय मिळवून द्यायला केटला साक्षीला उभं राहायचं आहे, आणि तिथेच तिचं गुपित फुटायची धास्ती आहे. एका आयुष्याचा न्याय आणि स्वतःची झाकली मूठ, यातलं काय सांभाळायचं? हे पुस्तक मी रात्री दीडपर्यंत वाचलं. ह्यांनी दोनदा दिवा मालवायला सांगितला, तरी!

दोषही सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल बाई भाळलीच. कॅरोल ॲश्टन जरा जास्तच सुंदर आहे. सोनेरी केस, हिरवे डोळे, इस्त्री न मोडणारे कपडे. खुनाच्या जागी जाऊन आल्यावर माझे केस तसे राहिले नसते. आणि तपास चालू असताना संशयितावर जीव जडणं म्हणजे काय? ह्यांना कथा सांगितली तर ते म्हणाले, "आमच्या खात्यात असं झालं असतं तर निलंबनच!" ते खरंच आहे. पण एरवीच्या प्रेमकथेत आड येतात वडील, पैसा, नाही तर गैरसमज. इथे आड येते तिच्याच हातातली तपासाची वही. म्हणून प्रेमाची आणि खुनाची गाठ पक्की बसते, हेही तितकंच खरं. नंतर नंतर लेखिका सरावतात. केटच्या आयुष्यात एमी नावाची तरुणी येते, वर्षानुवर्षं राहते. पण 2013 च्या 'हाय डेझर्ट' मध्ये केट निवृत्त झालेली आहे, दारूच्या आहारी गेलेली आहे आणि एमी घर सोडून गेलेली आहे. आयुष्यभर तोंड मिटून ठेवल्याची किंमत कुठेतरी वसूल होतेच.

तिसरी आहे केट मार्टिनेली, सॅन फ्रान्सिस्कोची. लेखिका लॉरी किंग. पहिलं पुस्तक 'अ ग्रेव्ह टॅलेंट', 1993 सालचं. त्याला अमेरिकेतलं मानाचं एडगर पारितोषिक मिळालं. ही केट कामावर घरचं अवाक्षर काढत नाही. घरी तिचं माणूस आहे, नाव ली. आता ली हे नाव इंग्रजीत बाईचंही असतं, पुरुषाचंही. लेखिका बऱ्याच पानांपर्यंत आपल्याला कळूच देत नाही, की ली ही बाई आहे. इंग्रजीत हे जमतं. मराठीत लिहायला बसलं तर पहिल्याच वाक्यात भांडं फुटेल, "ली घरी आली" की "ली घरी आला"?

मग मला आपल्या आज्या आठवल्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून "आमच्याकडे", "घरात", "इकडून येणं झालं" असं म्हणत त्यांनी अख्खा संसार केला. मीसुद्धा वर "ह्यांनी" असंच लिहिलं आहे, बघा! आपण नाव झाकतो, पण माणूस झाकत नाही. उलट नाव न घेता सगळ्यांना कळतं, ही सौभाग्यवती आहे. तिला नाव घेता येतं, पण माणूस झाकावं लागतं. आपलं "हे" म्हणजे लाजणं. तिचं गप्प बसणं म्हणजे भीती. किती थोडं अंतर, आणि किती फरक!

याच लेखिकेच्या 'नाइट वर्क' (2000) या कादंबरीत तर आपल्याच घरची आग आहे. लग्न होऊन सॅन फ्रान्सिस्कोत आलेली एक कोवळी भारतीय मुलगी जळून मरते. स्टोव्ह, हुंडा, सासर ही आपल्या वर्तमानपत्रांतली जुनी बातमी सातासमुद्रापार जाते, आणि तिचा तपास करायला येते ती हीच केट. एव्हाना तिच्या घरी कोण असतं ते खात्यात सगळ्यांना ठाऊक झालेलं आहे. जिला आपल्याकडे नावं ठेवली असती, ती आपल्या लेकीच्या मरणाचा जाब विचारते. मला तरी त्या पानावर तिच्याविषयी काही वेगळं वाटलं नाही. वाटलं, बाई गं, शोधून काढ.

आणि हे सगळं लांबच्या देशातलं कथाकादंबऱ्यांतलं आहे असं कोणी म्हणू नये. 1987 साली, म्हणजे 'लेसन्स इन मर्डर'च्या आदल्याच वर्षी, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात सशस्त्र पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी देवळात लग्न केलं. कादंबरीतल्या नव्हेत, खऱ्या. गोष्ट बाहेर फुटली, दोघींच्या नोकऱ्या गेल्या आणि 1988 च्या सुरुवातीला देशभर त्यांच्या बातम्या झाल्या. कॅरोल ॲश्टनला सतरा पुस्तकं मिळाली. त्या दोघींना नोकरीही ठेवू दिली नाही. पुढे तीस वर्षांनी, 6 सप्टेंबर 2018 रोजी, सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींच्या राजीखुशीच्या अशा संबंधांना गुन्हा मानणं रद्द केलं. लग्नाला कायद्याची मान्यता मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मिळाली नाही. ते काम संसदेचं, असं न्यायालयानं सांगितलं. तुरुंगाची भीती गेली. "घरी कोण कोण असतं?" ची भीती कोर्टाच्या निकालानं जात नाही. ती आपल्यासारख्यांच्या हातात आहे.

आता ज्यांना वाचायची आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. इंग्रजी वाचायची फार सवय नसेल तर 'लेसन्स इन मर्डर'पासून सुरुवात करा. भाषा सोपी, पात्रं ओळखीची. मनाला लागणारं हवं असेल तर केट डेलाफील्डची क्रमानं वाचा. उत्तम बांधलेली रहस्यकथा हवी तर लॉरी किंग. फॉरेस्ट आणि मॅकनॅब यांच्या पुस्तकांत प्रणयाचे प्रसंग मोकळेपणानं आहेत, तेव्हा मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवू नका. कपड्यांच्या कपाटात, साड्यांखाली ठेवा. मी तिथेच ठेवते.

मावशीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. तिचा फोन आला, "विचारलंस का गं?" सांगावंसं ओठांवर आलं होतं. पण ते सांगण्याचा हक्क माझा नव्हता. मी एवढंच म्हणाले, "मावशी, स्थळं बघणं थोडे दिवस थांबव. ती तुझ्याशी आपणहून बोलेल. बोलेल तेव्हा मध्ये बोलू नकोस, आणि रडू नकोस. रडायचं तर माझ्याकडे येऊन रड." मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं." त्या एका "बरं" मध्ये तिला किती कळलं होतं, देव जाणे. आई आहे ती.

बहिणीला मी पुस्तक परत पाठवलं. सोबत चिठ्ठी घातली. काय लिहावं यात दोन दुपारी गेल्या. शेवटी नेहमीचंच लिहिलं: "पुस्तक आवडलं. दिवाळीला ये. चकली तुझ्या आवडीची करते. आणि घरी जे कोणी असतं, त्यांनाही घेऊन ये."

दिवाळीला दोघी आल्या. माझ्या सासूबाईंनी सवयीनं त्या दुसरीला विचारलंच, "घरी कोण कोण असतं गं तुझ्या?" तिनं एकदा माझ्या बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आम्ही दोघी." सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. एकटीनं राहू नये." आणि तिच्या ताटलीत आणखी एक चकली वाढली.